सही केली, पुढे काय?

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर एकूण किती नियम लावलेत, कुणी मोजलंय? हीटर वापरू नये, भिंतीला खिळे ठोकू नयेत, रात्री दहानंतर मोठ्याने गाणी लावू नयेत... नियम सगळे एकापेक्षा एक उत्तम. पण यातला पाळला कुठला जातो? ज्याच्यासाठी रेक्टर सर स्वतः राउंडला येतात, तेवढाच! बाकीचे बिचारे टाचणीला लोंबकळत असतात.

आता तुम्ही म्हणाल, हा विषय पाणथळ जागांचा आणि ही बाई हॉस्टेलचं काय घेऊन बसली? सांगते. गेल्या सेममध्ये एन्व्हायर्नमेंटच्या सेमिनारसाठी मी आंतरराष्ट्रीय करारांबद्दल वाचत होते. वाचता वाचता एक गोष्ट लख्ख कळली. देशादेशांमधले निसर्ग वाचवण्याचे करार आणि आपला नोटीस बोर्ड यांत तत्त्वतः काहीही फरक नाही. कागद सगळ्यांकडे सारखाच असतो, फरक पडतो तो घरी राउंडला कोण येतं यावर.

आधी कराराबद्दल थोडंसं. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसार या गावी, कॅस्पियन समुद्राच्या काठावर, १८ देशांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी पाणथळ जागांसाठी एक करार केला. १९७५ च्या डिसेंबरात तो अमलात आला. तोच रामसार करार. आज जवळजवळ १७० देश त्यात आहेत. भारत १९८२ पासून आहे. (कॉन्व्हेंटमध्ये आम्ही सरसकट 'वेटलँड' म्हणायचो, 'पाणथळ' हा शब्द मला पुढे भेटला. पण शब्द बघा किती नेमका आहे! पाणी आणि थळ, दोन्ही एकातच.)

या कराराची पाणथळीची व्याख्या भलतीच उदार आहे. दलदल, सरोवर, खाडी, नैसर्गिक असो वा माणसाने केलेली, कायमची असो वा चार महिन्यांची, गोडं पाणी असो, मचूळ असो वा खारं, सगळं त्यात बसतं. समुद्रसुद्धा, ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असला तर! देशांनी करायचं काय, तर मुख्यतः तीन गोष्टी. आपल्या महत्त्वाच्या जागा यादीत घालायच्या, यादीतल्या असोत वा नसोत, सगळ्याच पाणथळींचा वापर शहाणपणाने करायचा, आणि यादीतल्या एखाद्या जागेची तब्येत बिघडली तर स्वित्झर्लंडमधल्या कचेरीला कळवायचं.

आणि नाही केलं तर? तर... काही नाही! दंड नाही, शिक्षा नाही. फार तर त्या जागेचं नाव 'माँत्रो रेकॉर्ड' नावाच्या यादीत जातं. थोडक्यात, डिफॉल्टर लिस्ट! आणि तेही बहुतेक वेळा त्या देशाच्याच संमतीने.

सगळ्यात बोलकं उदाहरण खुद्द यजमानांचंच आहे. इराणचं उर्मिया सरोवर १९७५ पासून रामसार यादीत आहे. एके काळी त्याचा विस्तार पाच हजार चौरस किलोमीटरच्या घरात होता. वरच्या नद्यांवर धरणं झाली, शेतीसाठी हजारो विहिरी खोदल्या गेल्या, त्यात दुष्काळ पडले, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात ते जवळजवळ मिठाचं वाळवंट होऊन बसलं. ज्या देशातल्या गावाचं नाव कराराला आहे, त्याच देशातलं सरोवर करार वाचवू शकला नाही!

मग करार म्हणजे नुसताच फार्स का? मला तसं वाटत नाही. कारण काही ठिकाणी याच प्रकारच्या कागदाने चक्क धरण थांबवलंय.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया हे राज्य आहे. तिथल्या वीजमंडळाला गॉर्डन नदीवर, फ्रँकलिन नदीच्या संगमाखाली, धरण बांधायचं होतं. राज्य सरकार बांधायचंच म्हणून हटून बसलेलं. पण १९८२ च्या डिसेंबरात तो सगळा परिसर जागतिक वारसा यादीत गेला. (हा रामसारहून वेगळा करार, १९७२ चा.) पुढच्या वर्षी केंद्रात नवं सरकार आलं, त्याने या कराराच्या आधारे कायदा केला आणि धरणाला बंदी घातली. टास्मानिया कोर्टात गेलं. त्यांचं म्हणणं असं की जमीन आमची, नदी आमची, केंद्राचा काय संबंध? १ जुलै १९८३ रोजी तिथल्या सर्वोच्च कोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला : देशाने आंतरराष्ट्रीय करार केला असेल, तर तो पाळण्यासाठी कायदा करायचा अधिकार केंद्राला आहे. धरण झालं नाही. फक्त एका मताचा फरक!

या निकालाचा पुढे फार उपयोग झाला. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाने पर्यावरणाचा जो मोठा कायदा केला, त्यात रामसार जागा ही थेट केंद्राच्या अखत्यारीतली बाब ठरवली. जागेच्या आतच नव्हे, बाहेर काही केलं आणि त्याचा मोठा परिणाम आतल्या जागेवर होणार असेल, तरी परवानगी लागते. २००४ मध्ये ग्वायदिर पाणथळीतली रामसार जमीन साफ करून, नांगरून त्यात गहू पेरल्याबद्दल एका शेतकऱ्याला आणि त्याच्या कंपनीला मिळून साडेचार लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. स्वतःच्याच जमिनीत गहू पेरला म्हणून! आणि अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, ब्रिस्बेनजवळच्या मॉर्टन बे या रामसार उपसागरात भर घालून हजारो फ्लॅट्स बांधायचा प्रकल्प पर्यावरण मंत्र्यांनी नाकारायचं ठरवल्यावर कंपनीने आपला अर्जच मागे घेतला.

म्हणजे ऑस्ट्रेलियात सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. मरे-डार्लिंग नदीखोऱ्यात वरच्या बाजूला इतकं पाणी उपसलं गेलं की खालची कूराँगसारखी रामसार जागा आजारी पडली. पण प्रश्न विचारायला तिथे एक दार आहे आणि ते दार कायद्याने उघडतं. मुद्दा तो आहे.

स्पेनचं दार तर चक्क शेजाऱ्यांनी ठोठावलं! दोन्याना ही युरोपातली नावाजलेली पाणथळ, १९८२ पासून रामसार यादीत. तिच्या आजूबाजूला स्ट्रॉबेरीची शेती फोफावली आणि त्यासाठी बेकायदा बोअर पाडून जमिनीखालचं पाणी उपसलं जाऊ लागलं. रामसार कराराने यावर काय केलं असतं? पत्र पाठवलं असतं. पण स्पेन युरोपियन युनियनमध्ये आहे, तिथे पाण्याचे आणि अधिवासांचे कायदे आहेत आणि ते मोडले तर कोर्ट आहे. २०२१ च्या जूनमध्ये त्या कोर्टाने स्पेनला दोषी ठरवलं. दोन्यानाचं दुखणं अजून सरलेलं नाही, पण 'आमचा अंतर्गत मामला' म्हणून हात झटकणं स्पेनला आता जमत नाही.

आता जपानकडे जाऊ, कारण तिथे एकाच देशाच्या दोन गोष्टी बघायला मिळतात. जपान १९८० पासून रामसारमध्ये आहे. १४ एप्रिल १९९७ रोजी तिथे इसाहाया नावाच्या उपसागराचं तोंड बंद केलं गेलं. सात किलोमीटरचा बांध आणि त्यातल्या शेवटच्या फटीत एकामागून एक धाडधाड पडलेल्या २९३ पोलादी प्लेट्स. सिव्हिलच्या दृष्टीने बघाल तर काय जबरदस्त काम! पण भरतीचं पाणी मिळेनासं झाल्यावर आतला चिखल सुकला आणि त्यातले जीव मेले. पुढे बाहेरच्या आरिआके समुद्रात खाण्याच्या शेवाळाचं पीक बुडालं आणि कोळ्यांनी त्यासाठी या बांधालाच जबाबदार धरलं. दरवाजे उघडा म्हणून कोळी कोर्टात, उघडू नका म्हणून नव्या जमिनीवरचे शेतकरी कोर्टात. २०२३ मध्ये सर्वोच्च कोर्टाने प्रकरण मिटवलं, दरवाजे बंदच राहिले. इसाहाया रामसार यादीत नव्हतं.

दोनच वर्षांनी नागोया शहरात याच्या उलट घडलं. शहराचा कचरा टाकायला जागा उरली नव्हती, म्हणून फुजिमाए नावाचा खाडीतला चिखलपट्टा भरून काढायचं ठरलं होतं. स्थलांतरित पक्षी तिथे हजारोंनी उतरतात. लोकांनी वर्षानुवर्षं विरोध केला, शेवटी केंद्राच्या पर्यावरण खात्यानेही नापसंती दाखवली आणि जानेवारी १९९९ मध्ये महापालिकेने योजना सोडून दिली. पण मग कचऱ्याचं काय? पुढच्याच महिन्यात नागोयाने 'कचरा आणीबाणी' जाहीर केली! घरोघरी काटेकोर वर्गीकरण सुरू झालं आणि दोन वर्षांत शहराचा कचरा पाचव्या हिश्श्याहून जास्त घटला. २००२ मध्ये फुजिमाए रामसार यादीत गेलं. इथे क्रम लक्षात घ्या. आधी लोकांनी जागा वाचवली, तिची किंमत स्वतःच्या घरात मोजली आणि मग यादीत नाव आलं.

आता आपल्याकडे.

आपल्या राज्यघटनेचं २५३ वं कलम वाचलं तेव्हा मला टास्मानिया आठवलं. कारण तिथे जे कोर्टात भांडून मिळालं, ते आपल्याकडे घटनेत आधीच लिहून ठेवलंय : आंतरराष्ट्रीय करार पाळण्यासाठी संसद संपूर्ण देशासाठी कायदा करू शकते. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा असाच, १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतल्या निर्णयांना धरून केलेला. त्याच कायद्याखाली पाणथळींचे नियम आले, आधी २०१० मध्ये आणि मग ते बदलून २०१७ मध्ये. म्हणजे दार आपल्याकडेही आहे. मग अडतंय कुठे?

माझ्या मते पहिलं अडतं ते व्याख्येत. रामसारची व्याख्या किती उदार ते वर सांगितलंच. आपल्या २०१७ च्या नियमांनी त्यातून काय काय वगळलं बघा : नदीचं पात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव, आणि मासेपालन, मीठ, करमणूक व सिंचन यांसाठी बांधलेल्या जागा. आता गंमत ऐका. महाराष्ट्राची पहिली रामसार जागा कुठली? नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर. ते तयार कसं झालं? गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजांच्या काळात सिंचनासाठी बंधारा घातला, त्यामागे गाळ साचत गेला आणि त्या गाळात पक्ष्यांचं राज्य उभं राहिलं! नांदूर मधमेश्वर अभयारण्य आहे, रामसार यादीत आहे, म्हणून त्याला संरक्षण आहे. पण अगदी तसाच दुसरा एखादा जुना बंधारा, तसाच गाळ, तेच पक्षी, पण नाव कुठल्याच यादीत नाही? त्याचं उत्तर नियमांनी आधीच देऊन टाकलंय.

दुसरं अडतं ते आकड्यांच्या प्रेमात. २०१४ मध्ये भारतात २६ रामसार जागा होत्या, २०२५ च्या जूनमध्ये ९१ झाल्या. आपल्या राज्यात नांदूर मधमेश्वरनंतर लोणार आणि ठाण्याची खाडी, गोव्यात नंदा तळं. आनंदच आहे, टाळ्या मीही वाजवल्या. पण यादीत नाव आलं म्हणजे ॲडमिशन झाली, डिग्री नव्हे! ठाण्याच्या खाडीचंच घ्या. फ्लेमिंगो ओहोटीला खाडीच्या चिखलात चरतात आणि भरतीला पाणी चढलं की नवी मुंबई-उरणकडच्या पाणथळ जागांवर विसाव्याला जातात. खाडी यादीत आहे, विसाव्याच्या या जागा त्या सीमेच्या बाहेर. पक्ष्याने भरतीच्या वेळी जायचं कुठे?

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, आपण मोजत नाही. उपग्रहाच्या चित्रांवरून देशातल्या सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या पाणथळींचा नकाशा २०११ मध्ये तयार झाला. त्यात २,०१,५०३ जागा निघाल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सगळ्यांना नियमांतल्या तत्त्वांप्रमाणे संरक्षण द्यायला सांगितलं. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की तीन महिन्यांत प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करा आणि सीमा आखा. मधे सात वर्षं गेली मंडळी! आपली डिग्री चार वर्षांची असते.

सीमा नाही म्हणजे काय होतं हे सिव्हिलवाल्यांना वेगळं सांगायला नको. नियम म्हणतो की मागच्या दहा वर्षांतल्या सरासरी कमाल पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत कायमचं बांधकाम करू नये. उत्तम! पण ती पातळी कुणी नोंदवलीच नसेल तर ५० मीटर मोजायचे कुठून? मग बिल्डर म्हणतो तळं इथे संपतं, गावकरी म्हणतात तिथे संपतं, आणि तोवर मुरमाचे दहा डंपर येऊन तळं स्वतःच संपलेलं असतं.

"एवढं पक्ष्यांचं बोलतेस, माणसांच्या पोटाचं काय?" हा प्रश्न आमच्या सेमिनारमध्येही आला. रास्त प्रश्न आहे. घरं हवीत, रस्ते हवेत, नोकऱ्या तर आपल्यालाच हव्यात! याचं उत्तर मला ओडिशात सापडलं, चिलिका सरोवरात. चिलिका १९८१ पासून रामसार यादीत. पण नद्यांचा गाळ साचत गेला, समुद्राकडचं तोंड सरकत आणि बुजत गेलं, खारं पाणी आत येईना, पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली. १९९३ मध्ये नाव त्या डिफॉल्टर लिस्टमध्ये गेलं. पण ओडिशाने १९९१ मध्येच चिलिकासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमलेलं होतं. म्हणजे विचारायला एक ठरलेला माणूस होता! आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याचं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आणि गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांनी अभ्यास केला, आणि सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवं तोंड खोदलं गेलं. खारं पाणी आत आलं. वर्षाला दोन हजार टनांच्याही खाली गेलेली मासळी २००१-०२ मध्ये अकरा हजार टनांच्या पुढे गेली. २००२ मध्ये चिलिकाचं नाव त्या यादीतून निघालं.

पोट कुणाचं भरलं? कोळ्यांचं. काम कुणाचं होतं? इंजिनिअरांचं. इसाहायाला पोलादी प्लेट टाकणारेही इंजिनिअर आणि चिलिकाला तोंड उघडणारेही इंजिनिअर. दोघांकडे गणित सारखंच होतं, प्रश्न वेगळा विचारला होता. आपल्या सॉइल मेकॅनिक्समध्ये दलदलीची जमीन म्हणजे 'प्रॉब्लेम सॉइल' : उकरा, भरा, दाबा, पुढे चला. ती जमीन पुराचं पाणी धरून ठेवते, गाळून देते, मुरवते, याला त्या चॅप्टरमध्ये एक ओळसुद्धा नाही. आपण उद्या साइटवर जाऊन तेच करणार जे आपल्याला शिकवलंय.

म्हणून माझं मत सरळ आहे. कुठल्याही देशाने किती करार केले, किती जागा यादीत घातल्या, यावर टाळ्या वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. घरचा कायदा कुठला? जमिनीवर सीमा कुठे आहे? आणि बिघडलं तर कुणाला जाब विचारायचा? तिन्हींची उत्तरं असतील तर कराराला दात आहेत. नाहीतर ती नुसती सही आहे, आपण जर्नलवर शेवटच्या दिवशी घेतो तशी!

आणि यातल्या दुसऱ्या प्रश्नावर आपल्याला या कॉलेजात बसून काहीतरी करता येईल. आमच्या डिपार्टमेंटचा सर्व्हे कॅम्प दरवर्षी तीच टेकडी मोजतो. त्या टेकडीचे काँटूर आता सीनियर्सच्या शीटवरून डोळे मिटून उतरवता येतात (आणि उतरवले जातात, हे सरांनाही माहीत आहे!). त्याऐवजी एका वर्षी जवळच्या गावातलं एक तळं घेऊया. टोटल स्टेशन आहे, लेव्हल आहे, पन्नास-साठ पोरं-पोरी आहेत. पावसाळ्यानंतर पाणी कुठवर होतं ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून खुणा करायच्या, उन्हाळ्यात पुन्हा जायचं, नकाशा काढायचा आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला, एक जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची. त्या नकाशाला कायद्याची ताकद नसेल, मान्य आहे. पण उद्या कुणी म्हणालं की इथे तळं नव्हतंच, तर निदान दाखवायला एक कागद असेल, तारखेसकट आणि बेंचमार्कसकट.

एचओडी सरांकडे अर्ज मी दिलाय. सोबत सह्या लागतील. अर्जाची प्रत लेडीज हॉस्टेलच्या ऑफिसात आणि ड्रॉइंग हॉलमध्ये ठेवली आहे.

सही करा. आणि मग उन्हात यायचीही तयारी ठेवा!

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी